नातवंडांसाठी वही लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न विचारणाऱ्या बाई साताऱ्याच्या आहेत, सत्तरीच्या आसपासच्या. मुलगी पुण्यात, मुलगा आणि नातू अमेरिकेत. आपल्यामागे मुलानातवंडांच्या हाती पडेल अशी एक वही लिहावी असं त्यांच्या मनात आहे. त्यांचे प्रश्न थोडक्यात असे: माझ्या आयुष्यात विशेष काही घडलेलं नाही, मग लिहू काय? सुरुवात कुठून करू? घरातल्या कडू गोष्टी लिहाव्यात का? नातवाला मराठी वाचता येत नाही, मग मराठीत लिहून उपयोग काय? आणि वही घ्यावी की सरळ मोबाइलवरच लिहावं?

घरोघरचे जुने कागद वाचून देणं, मोडी लिपीतले कागद देवनागरीत उतरवणं आणि वडीलधाऱ्यांना आठवणी लिहायला मदत करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात. लिहिणारं माणूस पेन हातात धरून अडलेलं असतं, ती एक. आणि चाळीस-पन्नास वर्षांनी कुणीतरी ट्रंकेतून वही काढतं, पानं उलटतं आणि म्हणतं, "सगळं लिहिलंय हो, पण नेमकं जे हवं होतं तेच नाही", ती दुसरी. पुढचं सगळं मी या दुसऱ्या बाजूने सांगते आहे.

"विशेष काही घडलं नाही" हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकायला मिळतं, बायकांकडून तर हमखास. त्याचं उत्तर असं, की विशेष गोष्टी लिहून ठेवायला वर्तमानपत्रं असतात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला, हे तुमच्या नातवाला दोन मिनिटांत सापडेल. पण त्या पहाटे साताऱ्यातल्या तुमच्या घरात कोण कुठे झोपलं होतं, आईने आधी कुणाला उचललं, आजी बाहेर यायला तयार होती का, त्यानंतर किती रात्री तुम्ही अंगणात काढल्या, थंडीत अंगावर काय घेतलं होतं, शेजारच्या कुणाकडे चूल पेटली आणि सगळ्यांचा चहा कुणी केला, हे जगात कुठेही लिहिलेलं नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. असेल तर तुमच्या एखाद्या भावंडाला. १९७२ च्या दुष्काळाचंही तसंच. आकडे सरकारी अहवालात आहेत. पण रेशनवर मिळणाऱ्या त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तुमच्या आईने कशी थापली आणि घरातल्या कुणी ती खायला नकार दिला, हे अहवालात नाही.

वरसईच्या विष्णुभट गोडशांचं उदाहरण मी नेहमी देते. पेणजवळच्या या भिक्षुकाने १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला, झाशीच्या वेढ्यात तो शहरातच होता. घरी परतल्यावर पुष्कळ वर्षं त्याने एक अक्षर लिहिलं नाही. यजमान घराण्यातल्या चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला तेव्हा, म्हातारपण जवळ आल्यावर, त्याने ते मोडीत लिहून काढलं. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण त्यात स्वतःचा हात बराच चालवला. मूळ बाड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ मजकूर प्रसिद्ध केला. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. गोडसे सेनापती नव्हते, इतिहासकार नव्हते. घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणा मिळवायला निघालेले गृहस्थ होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिलं, आणि आज झाशीबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याकडे यावं लागतं. दुसरी गोष्ट, कुणीतरी मागितलं म्हणून ते लिहिलं गेलं. तुमच्याकडे अजून कुणी मागितलं नसेल, तर मुलीला मागायला सांगा. "आई, मला अमुक लिहून दे" असं तिने म्हटलं की हात लवकर चालतो.

आता सुरुवात. "माझा जन्म अमुक साली अमुक गावी झाला" इथून कृपा करून सुरू करू नका. तशा सुरू झालेल्या वह्या माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा लेखिकेच्या चौथीपर्यंत येऊन थांबलेल्या असतात. क्रमाने सगळं सांगायचं म्हटलं की डोक्यावर ओझं येतं, मध्येच एखादं वर्ष आठवत नाही आणि काम अडतं ते अडतंच. एका वेळी एक पान, एक विषय. आज न्हाणीघरातला बंब, पुढच्या खेपेला लग्नानंतरचा पहिला गणपती, त्यानंतर वडिलांची सायकल. क्रम पुढे लावता येतो. त्यासाठी वहीची पहिली चार पानं कोरी सोडा आणि सगळ्या पानांना आकडे घाला. लिहून झालं की पुढे अनुक्रमणिकेत एक ओळ टाकायची. आठवड्यातला एखादा वार ठरवा, दुपारच्या चहानंतरचा अर्धा तास पुरतो. रोज लिहायचा नेम मी कुणालाच सुचवत नाही. रोजच्या नेमात खंड पडला की माणूस वहीकडे बघणंच टाळतो.

आणखी एक सवय सुरुवातीपासूनच लावून घ्या. मजकूर उजव्या पानावर लिहा, डावं पान रिकामं ठेवा. दोन महिन्यांनी काहीतरी आठवतं, भाऊ म्हणतो "अगं, ते तसं नव्हतं", मुलगी विचारते "ही कोण?", ते सगळं डाव्या पानावर जातं. प्रत्येक पानावर दोन तारखा असाव्यात: ज्या दिवशी लिहिलं ती, आणि ज्या काळाबद्दल लिहिलं तो अंदाज. साल आठवत नसेल तर "धाकट्याच्या मुंजीच्या आधी", "पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी" असं लिहिलं तरी चालतं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं हे शोधणाराला सापडतं, तुमचा धागा त्याला बांधला गेला की झालं. घरात जुन्या जन्मपत्रिका असतील तर त्यात शके दिलेला असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९.

काय आठवायचं हेच सुचत नसेल तर घरातल्या वस्तू हातात घ्या. आणि जुनी कालनिर्णयं असतील तर ती रद्दीत देण्याआधी मला दाखवा असं मी सगळ्यांना सांगते. १९७३ पासून हे कॅलेंडर घरोघरी भिंतीवर आहे आणि त्याच्या चौकोनांत आपल्या बायकांनी अर्धं आयुष्य नोंदवलेलं आहे: दूध किती लिटर, गॅस कधी लावला, कामवाली कधी आली नाही, "ताई आली", "बाबांना अ‍ॅडमिट". हे घरच्या बाईने त्याच दिवशी केलेलं लिखाण आहे. एकेका महिन्यावर एकेक पान निघतं.

लिहायचं कसं, ते एका उदाहरणाने दाखवते. पुष्कळ वह्यांत असं वाक्य असतं: "उन्हाळ्यात आम्ही सगळे मिळून कुरडया करायचो. फार मजा यायची. आता ते दिवस राहिले नाहीत." वाचणाऱ्या नातवाला यातून काही मिळत नाही. तेच असं लिहून पाहा:

"गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी सगळ्या गच्चीला आंबूस वास यायचा. चौथ्या दिवशी पहाटे आई आणि शेजारच्या काकू पाट्यावर गहू वाटून चीक काढायच्या. चीक रात्रभर ठेवला की खाली बसतो, वरचं पिवळट पाणी आई अगदी हळू ओतून द्यायची, तेव्हा आम्ही बोलायचं नाही. जितका चीक तितकंच पाणी उकळत ठेवायचं, मीठ, हिंग घालायचं. चीक ओतून काकू ढवळायच्या, कारण त्यांच्या हाताला गुठळी होत नसे. पहिला वाडगाभर गरम चीक तेल घालून आम्हा मुलांना. मग गच्चीवर जुन्या धोतरावर सोऱ्याने कुरडया पाडायच्या. धाकटा कावळे हाकायला बसे आणि ओल्याच कुरडया तोडून खाई."

यात "मजा" हा शब्द कुठेही नाही. ती वाचणाऱ्याला दिसते. शिवाय पन्नास वर्षांनी कुणाला खरोखरच कुरडया कराव्याशा वाटल्या तर करता येतील. पाककृतीबद्दल एक आग्रह: "अंदाजाने", "मावेल तेवढं", "आईच्या पितळी वाटीने" हे सगळं लिहा, पण त्या पितळी वाटीत पाणी भरून ते एकदा मापून घ्या आणि किती मिलिलिटर भरलं ते शेजारी लिहा. ती वाटी हरवली की तिच्याबरोबर घरची चवही जाते.

मापांचा विषय निघालाच आहे तर, पायली, शेर, मण, आणे, पै हे शब्द जिथे येतील तिथे एकदा उलगडून सांगा. एका रुपयाचे सोळा आणे होते आणि १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, हे तुमच्या पिढीला सांगावं लागत नाही. नातवाला लागेल. पगार, भाडं, सोन्याचा भाव, शाळेची फी जे आठवेल ते आकड्यात लिहा. "स्वस्ताई होती" यातून काहीही कळत नाही.

आता नावांकडे येते, कारण जुन्या वह्या वाचताना मला सर्वांत जास्त हळहळ इथे वाटते. पानोपानी अक्का, माई, बाय, दादा, नाना, बापू, आणि त्यातलं एकही माणूस ओळखू येत नाही. आपल्याकडे घरातल्या माणसांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. सुनेने तर सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं उच्चारायचीही नाहीत. ते बोलण्यात ठीक होतं. वहीत मात्र प्रत्येक माणूस पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण नाव, तुमच्याशी नातं आणि गाव लिहा, मग खुशाल "अक्का" म्हणा.

बायकांच्या बाबतीत तर ही नोंद फारच जपून करायला हवी. छापील कुलवृत्तांत उघडून पाहा, पुरुषांच्या पिढ्या ओळीने लागलेल्या असतात. मुलगी दुसऱ्या घरी गेली की तिची शाखा तिथेच संपते, आणि सून येते ती सासरच्या नावाने. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं की माहेरचं नाव चार-सहा माणसांच्या तोंडी उरतं आणि ती माणसं गेली की तेही जातं. मी पुष्कळ घरांत विचारते, तुमच्या आईच्या आईचं माहेरचं नाव काय? बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. तेव्हा तुमच्या वहीत एक पान फक्त यासाठी ठेवा: तुमची आई, तिची आई, तिची आई, जितकं मागे जाता येईल तितकं. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं, किती मुलं झाली, त्यातली किती जगली. न जगलेल्या मुलांचीही नावं लिहा, ठेवली गेली असतील तर. त्यांची नोंद दुसरीकडे कुठेही नसते.

नाशिक, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि गावावरून लावलेल्या वह्या असतात. आपले कुणी पूर्वी जाऊन आले असतील तर त्यांच्या हातची नोंद आणि सही सापडू शकते. तिकडे जाणं झालं तर आपल्या घराण्याचं पान बघून घ्या आणि परवानगी घेऊन त्याचा फोटो काढा. साताऱ्याकडे, कोल्हापूर-सांगलीकडे काही घराण्यांची वंशावळ हेळव्यांकडे, म्हणजे पिढीजात वंशावळी राखणाऱ्या लोकांकडे असते. तेही विचारा.

गावांची नावं लिहिताना तालुका आणि जिल्हा लिहायचा आळस करू नका. वडगावं, पिंपळगावं महाराष्ट्रात पोत्याने आहेत. त्यातून जिल्हे बदलतात. रत्नागिरीतून १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, उस्मानाबादेतून १९८२ साली लातूर, आणि उस्मानाबादचंच आता धाराशिव झालं. तेव्हाचा जिल्हा आणि आताचा जिल्हा, दोन्ही लिहा. आणि तुमच्या माहेरचं किंवा आजोळचं गाव धरणाखाली गेलेलं असेल, साताऱ्याकडे ते अशक्य नाही, तर त्या गावाचा हाताने नकाशा काढा. नदी, देऊळ, पार, तुमचं घर, विहीर, शाळा, कुणाचं घर कुणाशेजारी. चित्र चांगलं यायला हवं असं नाही. जमिनीवर नसलेलं गाव कागदावर तरी राहील, आणि तो नकाशा काढू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

तुमच्याहून वडील कुणी हयात असेल, आत्या, मावशी, जाऊ, तर स्वतःची वही चार दिवस बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याकडे जा. त्यांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एका मावसभावाने त्यांची गाणी वेळोवेळी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती छापून आली. नाहीतर खानदेशातल्या एका शेतकरी बाईची ती वाणी तिच्या घराच्या उंबऱ्याबाहेरही गेली नसती. आत्याबाईंसमोर वही उघडून "सांगा तुमच्या आठवणी" म्हटलं तर त्या गप्प बसतील. पालेभाजी निवडायला बसा, फोन रेकॉर्डिंगला लावून शेजारी ठेवा (आधी त्यांना सांगून, विचारून), आणि एक नेमकं विचारा: "तुम्ही या घरात आलात त्या दिवशी चुलीपाशी कोण होतं?" ओव्या येत असतील तर म्हणायला सांगा. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी जे सांगितलंय ते त्या गप्पांत कधीच सांगत नाहीत.

कडू गोष्टींबद्दल विचारलंत, ते बरं केलंत. भाऊबंदकी, वाटण्या, कुणाचं दारू पिणं, कुणी टाकून दिलेली बायको, सगळ्या घरांत काही ना काही असतं. गोड गोड वही कुणाला खरी वाटत नाही. नातवंडं हुशार असतात, त्यांना गाळलेली जागा बरोबर कळते. पण लिहायचं ते साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नाही. "दिरांनी आम्हाला लुबाडलं" हा निकाल झाला. "वाटणीच्या दिवशी हे कामावर होते, मी स्वयंपाकघरात होते, मला बोलावलं नाही, संध्याकाळी कळलं की विहिरीकडचा तुकडा आपल्याकडे नाही" ही साक्ष झाली. साक्ष टिकते. निकाल वाचून पुढची पिढी एकतर भांडण पुढे चालवते, नाहीतर वही मिटून ठेवते. राग मनात फार असेल तर तो दुसऱ्या वहीत मनसोक्त लिहा. ती वही वारसा म्हणून द्यायची नाही.

दुसऱ्याचं गुपित त्या माणसाच्या परवानगीशिवाय वहीत येऊ नये, तो माणूस गेलेला असला तरी त्याची मुलं असतात. तुमचं स्वतःचं गुपित तुमच्या मालकीचं. मात्र आजारांच्या बाबतीत माझं मत उलट आहे, तिथे झाकाझाक नको. वडिलांना कितव्या वर्षी पहिला झटका आला, आईकडे मधुमेह किती जणांना होता, कुणाला स्तनाचा कर्करोग झाला, कुणाच्या मनाचा तोल गेला आणि घराने "बाहेरची बाधा" म्हणून ते झाकलं, हे नातवंडांच्या डॉक्टरला कामाला येणारं ज्ञान आहे. वयासकट लिहा.

दागिने, घर, जमीन कुणाला द्यायची ते या वहीत नको. त्यासाठी स्वतंत्र मृत्युपत्र करा, त्यावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वकिलाकडून करून घेतलेलं बरं. वहीत "या पाटल्या धाकटीला" असं लिहून ठेवलं की पुढे भांडणाला निमित्त होतं. पाटल्यांची गोष्ट मात्र जरूर लिहा: कुणाच्या बोरमाळेतून मोडून केल्या, कोणत्या सोनाराकडे, कोणत्या अडचणीत गहाण पडल्या आणि कशा सुटल्या. एटीएमचा पिन, पासवर्ड हेही वहीत नको.

आता भाषा. मराठीत लिहा, आणि तुमच्या बोलण्यातल्या मराठीत लिहा. "मी तेथे गेले असता" असं तुम्ही बोलत नाही, मग लिहिता कशाला? तुमचं "आलोया", "बगा", "न्हाई" असेल तर तसंच येऊ द्या. इंग्रजी भाषांतर पुढे कुणीही करू शकेल, आता तर ते फारच सोपं झालंय. पण तुम्ही अवघडत इंग्रजीत लिहिलंत, तर त्यातून तुमचा आवाज परत काढता येणार नाही.

तरीही नातवाच्या वाचण्याची काळजी रास्त आहे, आणि ती मला मोडीमुळे चांगली कळते. माझ्याकडे येणाऱ्या घरांत पणजोबांच्या हातचे ढीगभर कागद असतात. मोडी शाळांतून गेली आणि दोनच पिढ्यांत ते कागद त्यांच्याच घरात कुणाला वाचता येईनासे झाले. कित्येक घरांनी ते बंबात घातले. म्हणून तुम्ही एक करा. पान लिहून झालं की फोनवर रेकॉर्डर लावा आणि ते पान मोठ्याने वाचा. परदेशात वाढलेल्या पुष्कळ मुलांना देवनागरी वाचता येत नाही, पण आजीची मराठी कानाला कळते. सुरुवातीला तारीख, पान क्रमांक आणि विषय बोला, फाइललाही तेच नाव द्या. पाच-सात मिनिटांचं काम आहे, आणि पुढे त्याची किंमत लिहिलेल्या पानाइतकीच होते.

वही की मोबाइल, याला माझं उत्तर: वही, आणि तिची प्रत मोबाइलवर. वही साध्या पांढऱ्या कागदाची, जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली रजिस्टर वही घ्या. स्पायरलची नको, तार गंजते. बँका भेट देतात त्या तारखा छापलेल्या डायऱ्याही नकोत. दोन रिकाम्या तारखा दिसल्या की अपराधी वाटायला लागतं. पेन काळ्या शाईचं. कोणतं, ते परीक्षा घेऊन ठरवा: कागदाच्या पट्टीवर घरातल्या तीन-चार पेनांनी ओळी लिहा, थोडा भाग पाण्याने ओला करा, वाळला की पट्टीचा अर्धा भाग झाकून ती उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. जी ओळ फुटली नाही आणि विटली नाही, ते पेन तुमचं. शिसपेन पाण्याने फुटत नाही, उन्हाने विटत नाही, हेही लक्षात असू द्या.

फोटो सेलोटेपने चिकटवू नका, काही वर्षांत टेप पिवळी पडते, सुटते आणि डाग ठेवून जाते. टाचण्या, स्टेपल गंजतात, रबरबँड वितळून चिकटतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा काढता येत नाही. फोटोच्या मागे मऊ शिसपेनने, कडेला, जोर न देता नावं लिहा: डावीकडून उजवीकडे कोण, कुठे, साधारण कधी. एटीएमच्या पावत्या, हल्लीची बसची तिकिटं पुसट होऊन कोरी पडतात, जपायची असतील तर त्यांची झेरॉक्स लावा.

ठेवायची जागा: माळा नको, तिथे तापतं, स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची भिंत नको, प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट राहतं. धुतलेल्या सुती कापडात, बासनात बांधून कपाटाच्या मधल्या कप्प्यात, शेजारी वेखंडाची पुडी. वेखंड कागदाला थेट लागू देऊ नका. पाऊस संपला की दसऱ्याला पूजेसाठी पुस्तकं बाहेर निघतातच, तेव्हा ही वहीही काढा, सावलीत वारा दाखवा, कसर, वाळवी नाही ना ते पाहा.

मोबाइलवर प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी फोटो काढा. मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून गेला की बारीक होतो. टाइप करत असाल तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत करा. पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने संगणकावर करून घेतलेल्या मराठी आठवणी माझ्याकडे येतात आणि उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो जुना फाँट आता कुणाकडे नसतो. गूगलवर ठेवत असाल तर एक माहीत असू द्या: दोन वर्षं खातं वापरलं गेलं नाही तर गूगल ते आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये "इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" असतो, त्यात मुलीचं नाव घालून ठेवा. शिवाय एक प्रत मुलीच्या संगणकावर, एक मुलाच्या. वर्षातून एकदा झेरॉक्स काढून तीही दुसऱ्या घरात ठेवा. पूर आला, आग लागली, तर दोन्ही घरांत एकाच दिवशी नाही येणार.

शेवटचं, वही द्यायची कधी? पुष्कळ जण म्हणतात, माझ्यामागे वाचू देत. मला ते पटत नाही. मागे राहिलेल्यांना प्रश्न पडतात आणि उत्तर द्यायला कुणी नसतं. दहा पानं झाली की मुलीला वाचायला द्या आणि तिला सांगा, जे कळलं नाही ते डाव्या पानावर शिसपेनने लिही. नातवाला रेकॉर्डिंग पाठवा, त्यालाही एकेक प्रश्न विचारायला सांगा. "आजी, बंब म्हणजे काय?" असा प्रश्न आला की तुमचं पुढचं पान ठरलं. मूळ वही पुढे कुणाकडे राहील आणि प्रती कुणाकडे आहेत, ते पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा, आणि ती कोणत्या कपाटात असते ते दोन्ही मुलांना सांगा.